बांबूच्या जमिनीवरचं पाणी

नाही नाही, ठोका तुम्ही, मिस्त्री, ठोका — फक्त जरा हळू, आत बायको झोपलीये माझी. हे स्वयंपाकघराच्या दारापासून सुरू झालंय बघा, तिथून पार त्या खिडकीपर्यंत. पट्ट्यांच्या कडा वर आल्यात, चालताना पायाच्या बोटांना लागतात. आणि अनवाणीच चालावं लागतं, या जमिनीवर चपला चालत नाहीत, सूनबाईंचा नियम आहे. खुर्च्यांच्या पायांना मोजे घातलेत, पाहिलेत का? चांगले जाड. या घरात खुर्च्यांना मोजे आहेत आणि मी अनवाणी. असो, ज्याचं त्याचं नशीब.

तुम्हीच बसवली होतीत ना ही? चेहरा लक्षात आहे माझ्या. भिंतीच्या कडेने बोटभर फट सोडलीत, तेव्हा मी विचारलं होतं — काय हो, माल कमी पडला का? तर तुम्ही म्हणालात, आजोबा, बांबू फुगतो, आकसतो, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. फार बरं वाटलं मला. म्हटलं, चला, या घरात कुणाला तरी श्वास घ्यायला जागा ठेवली एकदाची!

आणि दुकानातला तो थाट! जुन्या फरशीवर बायको घसरली, कमरेला मार बसला, म्हणून चिरंजीवांनी ठरवलं — असली गार, कडक फरशी आता नको. वाईट नाही हो तो. मनाने चांगला आहे, फक्त घरात कुणाला काही दुखलं की त्याला काहीतरी विकत आणावंसं वाटतं. तर तो दुकानदार म्हणतो, बांबू म्हणजे लाकूड नव्हेच आजोबा, ते गवत आहे. मी म्हटलं, वा, जन्मभर राबून शेवटी गवतावरच ठेवणार असाल, तर दोन दावीपण बांधून द्या सोबत. कुणी हसलं नाही. सूनबाई रंग निवडत होत्या — एक मधासारखा, एक करपलेल्या दुधासारखा, तासभर चाललं होतं. बायकोने मात्र एकच विचारलं — "पुसायची कशी?" दुकानदार म्हणाला, कोरड्या फडक्याने, पाण्याचा थेंब नको. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जसं काही त्याने तिला आंघोळच बंद करायला सांगितली.

काय? भिंत कोरडी आहे? नीट बघा. पाइप आतून गळत असेल, गळका पाइप काय दवंडी पिटून गळतो का? ...खालीही कोरडं? पाणी वरूनच मुरलंय म्हणता? हुशार आहे तुमचं हे ओल मोजायचं यंत्र, त्याला वरचं खालचं सगळं कळतं. मग माझ्या हातून सांडलं असेल. हो, सांडलंच, भांडं होतं हातात. दारापासून खिडकीपर्यंत कसं सांडेल म्हणजे? — मोठं होतं भांडं. आणि रोज सांडतं. म्हातारा माणूस आहे, हात कापतात माझे... हे बघा, कापतात की नाही?

बरं, आता कापत नाहीयेत. तुम्ही बघायला लागलात म्हणून थांबले.

बसा, मिस्त्री. खुर्चीवर बसा, मोजे घातलेल्या. पाइप गळतोय हे मीच रचलं. मुलाने या कडा पाहिल्या, बाबा हे काय म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — पाइप गळत असेल. दुसरा एखादा आळशी मुलगा असता तर म्हणाला असता, बघू सवडीने. आमचा पडला कर्तबगार! लगेच तुम्हाला फोन. आता संध्याकाळी येऊन विचारेल, कुठे गळत होता. काय सांगू? आईच गळतीये म्हणून सांगू?

ती पुसते हो. उठली की पहिलं काम — पदर खोचायचा, फडकं पिळायचं, आणि दारापासून सुरू. तिच्या लेखी ही अजून ती जुनी फरशीच आहे. पुसून होतं, ती बसते, मग ओल जरा वाळली की तिला वाटतं, अगंबाई, पुसायचं राहिलंच — की पुन्हा दारापासून. ती पुढे ओलं करत जाते, मी मागून टॉवेलने कोरडं करत जातो. मुलगा-सून कामावर असतात तेव्हा चालते आमची ही वरात. पण तिचे गुडघे धडधाकट आहेत, माझे नाहीत. गाठता येत नाही मला तिला.

सांगून टाकावं? कुणाला, मुलाला? तुम्हाला सोपं आहे बोलायला. त्याने जागा बघून ठेवलीये. अशा माणसांना सांभाळतात तिथे. बाग आहे म्हणे, आणि जमीन कधी न घसरणारी — जमिनीचा फार शौक आमच्याकडे. बाबा, आता एवढंसं जरी काही झालं ना, आईला तिकडे ठेवायचं, असं स्पष्ट म्हणालाय. तिच्या भल्यासाठीच म्हणालाय, म्हणून तर भांडता येत नाही.

बादली लपवायची? लपवली की! माळ्यावर टाकली होती. ती घरभर फिरायची, हात पुसायची, पुन्हा फिरायची. मला म्हणायची, "काका, आमचे हे घरी आले की तुम्ही जाल ना?" दिवसभर मी काका. जेवायला वाढलं तरी काका, औषध दिलं तरी काका. आणि पुसत पुसत ती माझ्या खुर्चीपर्यंत आली ना, की वर न बघता म्हणते — "अहो, पाय उचला." अहो म्हणते मला. दिवसभरात तेवढंच. मग काय करणार? काढली खाली बादली. आता मीच भरून ठेवतो, कोमट पाण्याने, तिची बोटं दुखतात म्हणून.

हे सांगायचं नव्हतं मला. तुम्ही तुमची पट्टी ठोका ना, मिस्त्री, माझ्या तोंडाकडे काय बघताय?

फोन वाजतोय तुमचा. त्याचाच ना? घ्या. मी काही सांगत नाही तुम्हाला, तुमचा धंदा आहे, खरं असेल ते बोला... काय? जोड ढिला होता म्हणून सांगताय त्याला?... आवळला?... हो हो, मी इथेच आहे, मान हलवतोय बघा... पट्ट्या पूर्ण वाळल्याशिवाय बदलता येणार नाहीत? दर आठवड्याला येऊन बघाल?

ठेवला? खोटं फार वाईट बोलता तुम्ही, मिस्त्री. कान बघा कसे लाल झालेत, आणि "बहुतेक आवळला" असं म्हणतं का कुणी? जोड आवळला तरी असतो नाहीतर नाही. पुढच्या आठवड्यात याल तेव्हा जरा तयारी करून या. आता उठा, हत्यारं उचला, ती जागी झाली बहुतेक. चहा-बिहा काही मिळणार नाही. आणि स्वयंपाकघराच्या दाराकडून जाऊ नका, तिकडून भिंतीच्या कडेने जा — इथे अजून ओलं आहे.