पर्पेतुआ वन्सं ज्या पाकिटावर बसल्या आहेत त्याबाबत

मी, रेस्तितुता नब्बान्जा, वय ५८ वर्षे, व्यवसाय निवृत्त शिक्षिका, राहणार मिशनच्या मागे, मसाका, युगांडा, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी आणि माझ्या दिवंगत पतीच्या थोरल्या बहीण पर्पेतुआ नाकियिंगी अंगणात शेंगा सोलायला बसत असू. चांगले दाणे टोपलीत जात, फुटके आमच्या तोंडात. मोठ्यांपुढे गुडघे टेकून, नजर खाली ठेवून नमस्कार कसा करायचा हे त्यांनीच मला शिकवले. नन्सच्या शाळेत मी फक्त देवापुढे टेकत असे.

अकरा वर्षे माझी कंबर दुखते. जानेवारीपासून डावे पाऊल बधिर आहे. येत्या गुरुवारी मिशनच्या दवाखान्यात कमरेचे दोन मणके पट्ट्या व स्क्रूंनी जोडण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. कंपालाचे डॉक्टर वर्षातून एकदाच येतात. एमआरआयच्या फिल्म्स पाहिल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. पुढच्या वर्षापर्यंत पाऊल टिकेल असे त्यांनी सांगितलेले नाही.

नंतर तीन महिने मला वाकण्यास व गुडघे टेकण्यास मनाई राहील. माझ्या मुलीला मागणी घालायला मुलाकडची मंडळी सहा आठवड्यांनी येणार आहेत.

काल रविवारी वन्सं जेवायला आल्या. म्हणाल्या, “पाठीत लोखंड घालून पाहुण्यांपुढे विजेच्या खांबासारखी उभी राहणार का गं?”

मी म्हणाले, “खुर्चीवर बसेन, वन्सं.”

“खुर्चीवर पुरुष बसतात.”

त्या गेल्यावर कपाटावरचे फिल्म्सचे पाकीट जागेवर नव्हते. आज सकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, “माझ्याकडेच आहे. गादीखाली. आणि गादीवर मी. मागणी होऊ दे, मग उठते.”

माझी चोरीची तक्रार नाही. त्यांचे वय बहात्तर आहे, त्यांना ठाण्यात आणू नये.

इथवरचे मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे. खाली एवढे जोडून घ्यावे.

त्यांच्या गावच्या चौकीवरील शिपायाने पाकीट मागून घ्यावे व बुधवार संध्याकाळपर्यंत दवाखान्यातील सिस्टर गोरेत्ती यांच्या हाती द्यावे. वन्संना सोबतची पिशवी द्यावी. तीत मागणीच्या दिवसासाठी शिवलेला माझा जांभळा झगा आहे. तो त्या दिवशी त्यांनी घालावा, आणि पाहुण्यांपुढे दोनदा गुडघे टेकावेत. एकदा त्यांचे, एकदा माझे.