पोतेन अजून खाली बसलाय

— अगं बस ना, ती खुर्ची कुणाची नाही. खेळाडूंच्या बायकांची रांग आहे ही, आणि ज्यूडची बायको म्हटल्यावर तुला कोण उठवणार? बस. क्रिस्टेल ना? मी नेनिता. पोतेनची. पोतेन कोण म्हणून काय विचारतेस बाई — तो बघ, टक्कल पडलेला, गुडघ्याला पट्टा — हां, तोच, आत्ता बास्केटखाली तुझ्या नवऱ्याच्या हातात चेंडू दिला तो. अख्खं इलोइलो शहर ज्यूड-ज्यूड करून बोंबलतंय, पण चेंडू कुठून आला ते कोण बघतंय? मी बघते. लग्न झाल्यापासून तेवढंच बघतेय.

घे, पुतो खा, तांदळाचे आहेत, सकाळीच वाफवलेत. त्या डब्याला मात्र हात लावू नको, त्यात पान्सितच्या शेवया आहेत, त्या नंतरच्या. जिंकलो काय, हरलो काय, आमच्याकडे मागच्या खोलीत टेबलावर केळीची पानं अंथरायची, मधोमध भात, मासे, शेवया सगळं ओतायचं, आणि सगळ्यांनी उभ्याउभ्या हातानं जेवायचं, कोच असो नाहीतर चेंडू पुसणारा असो. तुझा ज्यूड? आला होता की. एकदा. फोनवर बोलत होता, मग त्याची गाडी आली. नाही गं, टोमणा नाही मारत! तरुण आहे, जाहिराती असतात. ती शॅम्पूची किती छान केली त्यानं, केसच आहेत तसे. आमच्या पोतेनला कोण देणार शॅम्पूची जाहिरात? हस, हस, तो स्वतःच हसतो.

अरे दे ना! दे! कोपऱ्यात पोतेन मोकळा उभा आहे रे — मारलाच ज्यूडनं. गेला बाहेर. दोघं अंगावर आलेले असताना कशाला मारायचं गं? माफ कर हं, ओरडायची खोड आहे माझी. राग नाही मला. देखणा खेळ आहे त्याचा, कोण नाही म्हणतंय! पण गेल्या वर्षी हा संघ बघायला हवा होतास तू. एक मोठं नाव नाही, सगळे बुटके, आणि चेंडू या हातातून त्या हातात असा फिरायचा, की समोरच्यांना कळायचंच नाही, अडवायचं कुणाला. अंतिम सामन्यापर्यंत गेलो आम्ही तसेच. मग मालकांना वाटलं, आता एक तारा आणला की झालं. आला तारा. आता बाकीचे चौघं उभं राहून बघतात, तुझ्या-माझ्यासारखेच, फक्त त्यांना तिकीट लागत नाही.

खरं सांगू? खुर्ची कुणाची नाही म्हटलं ना, ते खोटं. मीच धरून ठेवली होती तुझ्यासाठी. पोतेनचा करार संपलाय. मालकांनी ज्यूडला विचारलंय म्हणे, पुढच्या वर्षी तुला कोण कोण हवंय — तर म्हटलं, तू एक शब्द टाकशील का? पोतेनला कळलं तर माझी खैर नाही. तो म्हणतो, संघाला कळतं गं कोण काय करतं ते, मागायला लागत नाही. असा खुळा! पगाराचं नाही मला एवढं — म्हणजे पगार लागतोच, कुणाला लागत नाही — पण हा माणूस घरी बसला तर करेल काय? त्याला दुसऱ्याला देणं सोडून काही येत नाही गं. मी तर म्हणते, ज्यूडच्या निम्म्या बास्केट याच्याच — अगं, तू खाली का बघतेस?

क्रिस्टेल?

म्हणजे सांगून झालंय ज्यूडचं. नको म्हणाला का?

बरं. बरं. राहू दे, तू कशाला रडतेस, तुझा काय दोष त्यात. पुतो खा तो.

थांब, शेवटचे काही सेकंद राहिलेत. एका गुणानं मागे आहोत आपण. पोतेनकडे — दिला, ज्यूडला दिला, नेहमीसारखाच. आता बघ हं, ज्यूडला नको बघू, पोतेनला बघ — ज्यूडला अडवायला धावलेल्या त्या धिप्पाडाच्या वाटेत आडवा जाऊन उभा राहिला — आई गं! केवढ्यानं आपटला! आणि तुझा मोकळा — गेला! गेला आत! जिंकलो! जिंकलो गं बाई!

नाही नाही, घाबरू नको, लागलेलं नाही त्याला, नुसता बसलाय. त्यांच्यात रीत आहे ती, पोतेननंच लावलेली. पडला त्यानं आपलं आपण उठायचं नाही, बसून राहायचं. बाकीच्यांनी धावत यायचं आणि हात देऊन उठवायचं. लागलंय म्हणून नव्हे, तर त्या निमित्तानं चौघांना मागं वळून बघावं लागतं म्हणून, असं म्हणतो तो. येतील आता. ज्यूडला उचलून नाचतायत ना, नाचू देत, जिंकलीत पोरं. टीव्हीवाले पण आले. तो उंच निघाला बघ, तो गुणी आहे, पोतेननं शिकवलाय त्याला — नाही, टॉवेल घ्यायला आला होता. गेला परत. कॅमेऱ्यात यायचं असेल.

तो धिप्पाड हात देतोय बघ, समोरच्या संघाचा असून. पोतेन नको म्हणतोय. हसून नको म्हणतोय. आपल्यांची वाट बघतोय गं तो.

अरे, बघा रे कुणीतरी मागं! ए! — नाही जात आवाज, एवढ्या गोंगाटात कसा जाणार. मी जाऊ? मी जाऊन काय उपयोग, मी संघात थोडीच आहे. येतील. एवढी वर्षं कधी झालं नाही, आले नाहीत असं. जरा थांब रे, पोतेन, येतील, एवढा फोटो झाला की येतील — जमिनीला हात टेकला त्यानं. नको रे. नको ना, थांब अजून जरा —

उठला.

तू जा, क्रिस्टेल. खालून बोलावतायत तुला, नवऱ्याबरोबर फोटो काढायला. मला काही झालेलं नाही. जा म्हणते ना.