कणकेचा व्यायाम

नांदेडच्या दवाखान्यात व्यंकटी सुतार आत गेले, तशी बाकावरची पोरगी त्यांच्या बायकोला म्हणाली,

"काकांना काय झालंय, मावशी?"

"कारखान्यात करवतीखाली बोट गेलं. डॉक्टरनं शिवलं, पण वाकंना. रंदा कसा धरावा?"

"मग?"

"डॉक्टर म्हणले, रबरी चेंडू दाबा. ह्यांनी चार दिवसांत फेकला. मग मी म्हणलं, डॉक्टरनं रोज कणीक मळायला सांगितलीय."

"खरंच सांगितली?"

"न्हाई गं! पण दोन महिने मळून राहिलेत. आता बोट वाकतंय."

तेवढ्यात व्यंकटी हसत बाहेर आले.

"अगं, बोट बेस झालं! सोमवारी कामावर. व्यायाम बंद!"

"हाव, मला सांगितलंय डॉक्टरनं. उद्यापासून भाकरी थापायची."