तपासलेल्या कागदात नसलेली आजी

…बरं, चुकून तोंडातून निसटलं असतं तर मी समजून घेतलं असतं, पण तुम्हाला सांगते, तिनं ते ठरवून म्हटलं, भर सभागृहात, मला पहिल्या रांगेत बसवून. माझी नात हो. पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या चिमुकल्या माश्या असतात ना, त्यांच्या पंखांवर संशोधन करते. तीन आठवडे तिचं भाषण मी तपासलं. 'आजी, सोपं झालंय ना?' 'सोपं झालंय, शुद्ध व्हायचंय, आण इकडे.' ग्रेडियंट खोडून मी 'उतरती तीव्रता' घातलं. म्हणजे काय, तर अळीच्या अंगात पंख घडत असतो, त्याच्या मधल्या पट्ट्यात एक जनुक जोमानं काम करतं, त्याचा संदेश कडेकडे जाता जाता विरळ होतो, आणि वाट्याला किती आला त्यावरून प्रत्येक पेशी ठरवते, आपण कोण व्हायचं, किती वाढायचं. दाखला अत्तराचा: कुपीपाशी घमघमाट, दाराशी नुसता भास. मीच सुचवलेला.

आणि ही उभी राहून काय म्हणते? 'आमच्या आजीचा आवाज घ्या. स्वयंपाकघरात पूर्ण तीव्रता, तिथे आई ताठ. बैठकीत निम्मा, तिथे बाबा वर्तमानपत्राआड. गच्चीवर जेमतेम पोचतो, तिथे काका गाणी म्हणतात. ज्याच्या वाट्याला जेवढी आजी, तेवढा तो घडला.'

मी तपासलेल्या कागदात हे नव्हतं.

सभागृह हसलं. हसू द्या, परकी माणसं. पण सूनबाई? पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून… चोवीस वर्षांचं साठलेलं असावं. तेवढ्यात एका गृहस्थांनी विचारलं, 'आणि संदेशच बंद केला तर?' म्हटलं, आता तरी सावरेल. तर माझ्याकडे बघत म्हणाली, 'पंख खुरटतो. मी मोजून पाहिलंय.'

हेही कागदात नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं, 'अत्तर कुठे सांडलंस?'

'आजी, रागावलीस?'

'मला न विचारता बदललंस. मजकूर दडवून ठेवलास, माझ्यापासून?'

'दाखवला असता तर खोडला असतास.'

खोडलाच असता, त्यात विचारायचं काय? म्हटलं, आण तो कागद. आणला. चष्मा पुसला, लाल पेन उघडलं, एकदा वाचला, दोनदा वाचला, पूर्णविरामसुद्धा निरखले… आणि तुम्हाला काय सांगू, पेन टेकवायला कुठे जागाच ठेवली नव्हती हो कार्टीनं.