कप्तान आपलीच असणार!

हे मी सांगायचं नाहीये हां, आधीच सांगून ठेवते, आजोबांनी सगळ्यांना दम भरलाय की घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. पण जी गोष्ट आमच्या अख्ख्या मराठी मंडळानं हातात बटाटेवडा धरून उघड्या डोळ्यांनी पाहिली, ती आता उंबऱ्याच्या आत राहिली तरी कुठे, तुम्हीच सांगा! बसा इथं पायरीवर. समोर पोरींचा सराव संपायला वेळ आहे. आणि मला एवढं बोलताना तुम्ही पुन्हा कधी ऐकणार नाही, कारण घरी मी बोलतच नाही. बोलायला फटच सापडत नाही! आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं, भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आलेलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे सगळे एकाच वेळी बोलतात.

तर ती मैदानात कोपराला पट्टी बांधून धावतेय ना, ती माझी ताई, देवश्री. रग्बी खेळते. तेरा जणींचा रग्बी. पहिल्यांदा खेळायला गेली तेव्हा आई म्हणाली, "दात पडले तर लग्न कसं होईल?" बाबा म्हणाले, "बॅडमिंटन काय वाईट होतं?" आणि आमचे आजोबा, यशवंतराव, ते म्हणाले, "हा काय खेळ हाय? ही तर राशनच्या लाइनीतली धक्काबुक्की हाय!" मी? मी काय बोलणार, मी गप्प.

आणि गेल्या आठवड्यात हिंदी पेपरात चार ओळी आल्या. रायपूरच्या रग्बी संघाच्या कप्तानाला राज्याचा खेळ-सन्मान, मंगळवारी, मंत्र्यांच्या हस्ते! नाव छापलंच नव्हतं, नुसतं 'कप्तान'. झालं! आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ओरडले, "देवश्री कप्तान हाय आन् मले कोणी सांगून नाई राहिलं!"

आता तुम्हाला सांगते, त्यांचा हिशेब कसा होता ते. तेरा पोरी. त्यातल्या बाकी सगळ्या बीरगांवच्या कामगारवस्तीतल्या, कुणाचे वडील कारखान्यात, कुणाची आई पापड लाटते. आणि एक आपली, इंग्रजी शाळेतली. मग कप्तान कोण? "अरे, नाणेफेकीले पंचाशी इंग्रजीत बोला लागते ना! कप्तान आपलीच असणार!"

खरी कप्तान ती बघा, लाल मोजेवाली. फुलेश्वरी निषाद. तिचे वडील लोखंडाच्या भट्टीवर काम करतात. ती माझ्यापेक्षा बुटकी आहे, पण अंगावर धावून आली की मालगाडी आल्यासारखं वाटतं.

ताई म्हणाली, "आजोबा, सुनो तो, मैं कप्तान नहीं..."

"पाहा! नम्र हाय पोट्टी! खानदानी नम्रपणा!"

बाबा म्हणाले, "बाबा, कप्तान म्हणजे ती..."

"तू चूप बस, शिशिर! तू बॅडमिंटन म्हणून राहिला होता!"

आणि चहा निवायच्या आत आजोबा पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात निघाले. भाजीवाला, देऊळ, बँक, पुन्हा तोच भाजीवाला... सगळ्यांना सांगून आले! वाटेत भेटले श्यामकांतकाका. हे मुलाकडे इंग्लंडला राहून आलेत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीचं तिकडचं माहीत असतं. ते म्हणाले, "यशवंतराव, कोणता रग्बी? तिकडे दोन असतात. पंधरा जणांचा तो साहेब लोकांचा, आणि तेरा जणांचा तो खाणीतल्या मजुरांचा. पंधरावाल्यांना म्हणे किताबांवर किताब, आणि तेरावाले बिचारे वाट पाहत म्हातारे होतात!" आजोबा क्षणभरही थांबले नाहीत. "आमची पंधरावाली," म्हणाले. घरी येऊन त्यांनी तेरा पोरींत दोन राखीव मिळवल्या आणि बेरीज बरोबर आली म्हणून खूश झाले. मी काय बोलणार, मी गप्प!

मग मंडळानं सत्कार ठरवला. रविवारी, म्हणजे कालच. ताईचा चेहरा एवढासा झाला. मला म्हणाली, "ऋता, ती शाल मी घेतली आणि मंगळवारी टीव्हीवर फुलेश्वरी दिसली, तर पारा आजोबांना हसेल आणि फुलेश्वरी मला पुन्हा कधी चेंडू देणार नाही. आणि खरं सांगू? दुसरं मला जास्त लागेल." मग तिनं ठरवलं, अख्ख्या संघाला बोलवायचं आणि स्टेजवरूनच सगळ्यांना कप्तान दाखवायची. फुलेश्वरीला एवढंच सांगितलं, "नाश्ता है, सबको लेके आ जा."

आल्या! सगळ्या एकसारखे नवे मरून रंगाचे टी-शर्ट घालून, वेण्या घट्ट घालून. आणि दारात कोण? विमलाकाकू! मंडळाचं खाणंपिणं त्यांच्याकडे असतं, आणि त्यांचा स्वतःच्या नजरेवर फार विश्वास. एकसारखे टी-शर्ट, बीरगांवच्या पोरी... म्हणजे कोण? केटरिंगवाल्या! "आल्या काय वं पोट्ट्याहो? काहून एवढा उशीर? चला, मागं चला, तेल तापून राहिलं कवापासून!"

मी तिथंच गुलाबपाणी घेऊन उभी होते. म्हटलं, "काकू, त्या तर..."

"तू गुलाबपाणी शिंपड!"

आणि फुलेश्वरी काय म्हणाली असेल? "हव दाई," म्हणजे 'हो आई' म्हणाली आणि गेली! नंतर मला सांगितलं तिनं, तिला वाटलं मराठी लोकांकडे पाहुण्यांनीच तळायची रीत असेल. सगळ्या स्वयंपाकघरात. एक बेसन फेटतेय, एक मिरच्या चिरतेय, आणि राज्याची सन्मानित कप्तान हातात झारा घेऊन कढईसमोर!

आता नीट ऐका, मंडळाचं स्वयंपाकघर स्टेजच्या बरोबर मागे आहे, मध्ये नुसता पडदा. पुढे आजोबांचं भाषण सुरू. "भोसल्यांच्या काळापासून या मातीत..." त्यात अर्धा तास गेला असेल. मग ताईच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. ताई समोर पाहतेय, संघासाठी धरून ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्या! तेवढ्यात आजोबा माइकमध्ये गरजले, "आपली कप्तान, देवश्री!" आणि मागचा पडदा बाजूला झाला.

मी बाजूलाच होते, मला दिसलं. फुलेश्वरी टाळ्या ऐकून हसत हसत बघायला आली होती. तिला मराठी कळतं, तिचे निम्मे शेजारी विदर्भातले. तिनं ते ऐकलं, आणि तिचं हसू... कढईतला वडा बुडतो ना, तसं हळूहळू खाली गेलं. नुसती परत वळायला लागली.

ताईनं मागे वळून ते पाहिलं. "आजोबा, मी नाही..."

"थांब, थांब, फोटो!"

"मैं कप्तान नहीं..."

"टाळ्या! टाळ्या!"

आता तुम्हाला या खेळातली एक गोष्ट सांगते. यात चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही. कितीही घाई असो, तो आपल्या मागे असलेल्या गड्याकडेच द्यायचा. ताईनं तोंड लोकांकडे केलं, नारळ दोन्ही हातांत धरला, कमरेतून वळली आणि "फुलेश्वरी!" म्हणून तो असा मागे सोडला की आजोबांच्या कानाला वारा लागला! आणि त्या पोरीनं एका हातात झारा तसाच ठेवून दुसऱ्या हातानं नारळ छातीशी घेतला. अगदी सवयीनं!

अख्ख्या सभागृहाचा घास तोंडात, चावायचं कुणी नाही.

"कप्तान ती आहे," ताई म्हणाली. "फुलेश्वरी निषाद. सन्मान तिला मिळालाय. मी तिच्या उजव्या बाजूला खेळते." आमच्या घरात मी ऐकलेली ही पहिली पूर्ण वाक्यं.

विमलाकाकू मटकन खाली बसल्या. "अवो माय! मी तिले वडे तळाले लावले!"

आणि आजोबा? तुम्हाला वाटेल, शरमले. नाव नको! सरळ माइक पकडला. "मले माहीतच होतं! निषाद म्हणजे नावाडी! आपले पूर्वज नागपूरहून आले तवा त्यायले खारून नदी कोणं पार करून देली? यायनंच! म्हणजे हे आपले घरचेच लोक!"

फुलेश्वरीनं नारळ काखेत नीट बसवला आणि म्हणाली, "त बबा, दुआरी म काबर नइ चीन्हेव?"

मग दारातच का नाही ओळखलंत, आजोबा? बस, एवढंच! रागानं नाही हां, एखाद्या लहान पोराला विचारावं तसं. आणि आमचे आजोबा, तुम्हाला सांगते, गप्प झाले! मी नाही, ते! मग पुढे गेले, तिच्या हातातला झारा घेतला, म्हणाले, "बस तू. पुढच्या खुर्चीवर बस," आणि पडद्याआड गेले. काकूंनी तेलकट हातांनीच ताईच्या खांद्यावरची शाल तिला पांघरली. आजोबांनी तळलेला एकही वडा आतून शिजलेला नव्हता, पण फुलेश्वरीनं मागून घेऊन खाल्ला.

आणि आजपासून? त्या तिथं बघा, गोलाच्या खांबाखाली घडीची खुर्ची टाकून कोण बसलंय! श्यामकांतकाकांना सकाळीच ऐकवून आले, "पंधरा जणांचा खेळ म्हणजे नुसती गर्दी! खरा खेळ तेरा जणांचा!" उद्याच्या समारंभाला कप्तानासोबत दोन माणसं नेता येतात. तिचे आईबाबा जाणार, उघड आहे, पण आजोबांनी सकाळीच कोट इस्त्रीला टाकलाय. मी काय बोलणार, मी...

"ऋते! ओ ऋते! काहून बसून राहिली तिथं? एकीचा पाय मुरगळला, राखीव दोघी आल्या नाई, तेरावी कमी पडून राहिली, ये लवकर!"

अहो आजोबा, मी तर फक्त बघायला... नाही, मला तर नियमसुद्धा... बरं. आले. माझा चष्मा धरता का जरा? आणि कुणी विचारलंच तर सांगा, मी 'नाही' म्हणतच होते, फक्त माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आ—