लॉबीतले काळे डाग

हॅलो?… कोण, भाऊजी? आज कशी काय आठवण झाली वहिनीची?

तुमचे दादा? बसल्या बसल्याच डोळा लागलाय. आडवं झालं की दम लागतो ना… हो, दगडाचीच धूळ. छातीत बसलीय म्हणाले डॉक्टर.

फोटो? कसला फोटो?… थांबा, थांबा. मालकांच्या इमारतीच्या लॉबीतल्या ग्रॅनाइटच्या लाद्या, यांनी घासल्या त्याच ना? काळ्या डागांच्या?… बरं… कॉलेजातले सर बघून गेले… डाग नाहीतच म्हणाले?

मग काय आहेत?… दुसराच दगड? ग्रॅनाइटच्या पोटात?… हं, ग्रॅनाइट पातळ रस होता तेव्हा आत पडला, तसाच राहिला… म्हणजे जन्मभर घासला असता तरी गेला नसता!

अगं बाई! आणि आता तिथे पितळेची पाटी लावणार? कौतुकाने? आणि फोटोसाठी पाटीशेजारी यांना उभं करणार?

नाही, आता मी बोलते. वीस वर्षं यांनी पाणी मारून दगड घासला, काही झालं नाही. ओला केला की अख्खी लादी काळपट दिसते, डाग कळत नाही, म्हणून "कोरडंच घास दादा" कोण म्हणालं? मुकादम कोण होतं तिथे?… मालक, मालक! मालकांना काय, बोट दाखवून "हा डाग काढा" एवढंच म्हणायचं होतं. पाच महिने कोरडी धूळ खाल्ली यांनी, भाऊजी!

काय? परत बोला… लादीच्या मागच्या बाजूलाही तोच डाग होता? आरपार? तुम्ही कधी पाहिलात?… बसवतानाच?

बसवतानाच पाहिलात. आणि गप्प राहिलात.

हो, तुमची नोकरी. आहे ना अजून? शाबास.

माफी मला नको. हे अजून म्हणतात, माझाच हात कमी पडला. कालसुद्धा… "अजून आठ दिवस मिळाले असते तर काढला असता बघ." ऐकवत नाही हो मला ते!… रडू नका. रडायचं तर त्यांच्यापुढे रडा. काय सांगू म्हणजे? हेच सांगा, दादा, तुझं काही चुकलं नाही, मला माहीत होतं. तुमच्या तोंडून ऐकू देत.

धरा. ठेवायचा नाही… अहो, उठा जरा. भाऊजी आहेत. तुमच्याशीच बोलायचंय त्यांना… घ्या.

काय? आवाज येत नाही? बघू… हॅलो?… भाऊजी?… हॅलो?

लाइन गेली नाही हो. त्याने ठेवला. बसा नीट… मी सांगते.