वामनरावांचा उपासाचा डबा

तेव्हा भिलाईत पोलाद कारखान्याची भट्टी उभी होऊन राहिली होती, अन् आमच्या गँगमध्ये ख्रिस्ती म्हणजे मी एकटाच. ईस्टरच्या आधीचे उपास चालू होते. दुपारी मी फक्त पाणी प्यायचो. आमचे फोरमन वामनराव, त्यांले काही ते पाहवेना.

एक दिवस जेवायच्या सुटीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं बायबल वाचलं मी. एकीकडे म्हणते, देहाले क्रुसावर चढवा. दुसरीकडे म्हणते, आपल्या देहाचा कोणी द्वेष करत नाही, त्याले पोसतेच. खरं कोणतं?"

"दोन्ही."

"असं कसं? नीट समजावून सांग. नाही जमलं तर उपास मोड अन् माह्या डब्यातलं खा!"

"बरं, खोला डबा."

त्यांनी ऐटीत डबा खोलला. तुपातली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस अन् वरून दाण्याचे लाडू.

"आज एवढं कावून, वामनराव?"

"एकादशी नाही का? उपास आहे माहा."

सगळी गँग हसत सुटली. मी म्हणालो, "तुम्ही देहाले मारूनही राहिले अन् पोसूनही राहिले. आता तुम्हीच सांगा, खरं कोणतं?"

वामनरावांनी शांतपणे एक लाडू तोंडात टाकला.

"दोन्ही," म्हणाले.